पावसाळ्यात कागदी घेर बसतो, पाकळ्या मान टाकतात: तपासणी कुठून सुरू करायची

रुखवताचे नि मखराचे कागदी परकर, पोलकी आणि फुलं पावसाळ्यात बिघडतात, त्यासाठी ही तपासणी. आधी लक्षणं. आपल्या कामात यातलं काय दिसतंय ते नीट बघून ठेवा, कारण हात कुठे घालायचा ते त्यावर ठरतं.

मे महिन्यात करवतीच्या दातांसारख्या उभ्या असलेल्या कागदी परकराच्या निऱ्या जून संपता संपता पसरट होतात. घेर बसतो, खालची कड नागमोडी होते, कमरेपाशी कागद पोटासारखा पुढे येतो. पाकळीला दिलेला बाक निघून जातो आणि गुलाब सादळलेल्या पापडासारखा दिसायला लागतो. एखादी पाकळी अख्खी गळून फ्रेमच्या तळाशी पडलेली असते. देठाच्या हिरव्या पट्टीवर तपकिरी डाग उमटतो आणि हळूहळू वर चढतो. लाल क्रेपचा, म्हणजे बारीक सुरकुत्यांच्या मऊ कागदाचा, रंग शेजारच्या पांढऱ्या पोलक्यात उतरतो. काचेला आतून घाम येतो. पुढची पायरी म्हणजे राखाडी पूड, काळे ठिपके आणि कुबट वास. कधी कधी कागदाचा वरचा पापुद्रा कुणीतरी खरवडून खाल्ल्यासारखा दिसतो, तो प्रकार वेगळा, त्याचं पुढे सांगते.

मी वेंगुर्ल्याची. शिवणकाम आईकडून शिकले आणि गेली ११ वर्षं कागदाचे कपडे करते: जास्वंद उलटी धरली की जो घेर दिसतो तसा परकर, कमरेला अबोलीची ओळ, पोलक्याला सुरंगीच्या कळ्यांची बटणं. मेमधल्या लग्नांत रुखवतावर जातात, गणपतीत मखराला लागतात. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून कागदी मखराचं काम वाढलं, आणि त्याबरोबर फोनही. दरवर्षी जूनच्या मध्यापासून तोच फोन. यंदाचा शिरोड्याहून मामीचा होता: "बाय गो, तुझी फुलां मान टाकूक लागली."

फोनवर पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, की कुठला गोंद लावू? गोंद कपाटातच राहू द्या. मीसुद्धा पहिली तीन वर्षं गोंदालाच दोष देत होते, आणि बसलेल्या घेरावर गोंद ओतून तो आणखी बसवत होते. पांढरा गोंद पाण्यातलाच असतो. ओलीने बिघडलेल्या कागदाला आपण वरून आणखी पाणी पाजतो.

पहिली तपासणी फुकटची आहे. फ्रेम किंवा फूल भिंतीवरून काढा आणि भिंतीला उलटा हात लावा. तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला गारवा चटकन कळतो. मग फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्याचा वास घ्या. आपल्याकडची जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची. चिरा पाणी पितो आणि सप्टेंबरपर्यंत सोडत नाही. पाऊस येतो नैर्ऋत्येकडून, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती सगळ्यात आधी भिजतात, म्हणून तर आपले आजोबा त्या अंगाला माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायचे. मामीने परकर नेमका पश्चिमेच्या भिंतीवर लावला होता, "थंयसून सगळ्यांका दिसता" म्हणून. न्हाणीघराची भिंत आणि स्वयंपाकघरातली चुलीसमोरची भिंत यांनाही तोच नियम.

भिंत गार लागली तर फ्रेम घरातल्या आतल्या भिंतीवर, म्हणजे माजघराच्या, हलवा. जागा बदलणं शक्य नसेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप चिकटवा, म्हणजे मागून बोटभर हवा खेळेल. भिंतीला चिकटलेली फ्रेम मागच्या पुठ्ठ्यातून ओल ओढत राहते आणि आतला कागद पुठ्ठ्याकडून घेतो. मला येणाऱ्या फोनांपैकी कितीतरी एवढ्यावर मिटतात.

दुसरी गोष्ट, बिघडलेला नग दोन दिवस कोरड्यात ठेवा आणि काय होतं ते बघा. पावसात कोरडं कुठे मिळणार, तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल. फ्रेम डब्यात मावत नसेल तर मागचा पुठ्ठा सोडवून आतलं काम तेवढं ठेवा. ही तपासणी महत्त्वाची, कारण इथे रस्ता फुटतो. दोन दिवसांनी निऱ्या बऱ्यापैकी उभ्या राहिल्या, तर दोष निव्वळ हवेचा, तुमच्या कामात खोट नाही. कोरडं झाल्यावरही घेर बसलेलाच राहिला किंवा वेडावाकडा वाळला, तर दोष कागदाच्या कापात, जोडात किंवा लेपात आहे. पुढचं सगळं मग वाचाच.

सिलिका जेलबद्दल चार शब्द, कारण यात घोळ फार होतो. नारिंगी रंगाचे दाणे घ्या, ओल प्यायले की ते हिरवे होतात. निळे दाणे गुलाबी होतात, पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचं संयुग असतं, लहान मूल असलेल्या घरात नको. प्यायलेले दाणे ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवले की परत कामाला लागतात, पण पुडीतून काढून, पुडीसकट कधीच नाही. तांदूळ घालू नका. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि पोरकिडे मात्र आणतो. डांबरगोळ्या ओलीचं काहीच करत नाहीत, आणि फ्रेममध्ये थर्माकोलचा तुकडा असेल तर तो त्यांच्या वाफेने विरघळल्यासारखा खचतो. मी माझ्या हाताने एक अख्खी बाहुली अशी कमरेतून वाकवलेली आहे.

तीनशे-चारशे रुपयांत छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो घ्या. ओल नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही, आपल्याला इथल्या हवेची सवय झालेली असते. स्वस्त मापक खोटं बोलतो का ते घरच्या मिठावर तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका, खिचडी व्हायला हवी, पाणी नको. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५% दिसायला हवं. ८० दाखवत असेल तर तुमचा मापक पाचने जास्त सांगतो, तेवढं वजा करत चला. पावसाळ्यात किनाऱ्यावर आकडा ८५ ते ९०च्या घरात राहतो. ६५-७०च्या वर सलग आठवडे गेले की बुरशीला आवतण. ५०% हवेत कागद जेवढं पाणी धरून असतो, त्याच्या जवळपास दुप्पट ९०%मध्ये धरतो. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही, घेराला मात्र ते पेलावं लागतं.

आता माझ्या आवडीचा भाग, आणि खरं सांगायचं तर निम्म्या दुखण्याचं मूळ. कागदाचा धागा.

शिवणाऱ्या बाईला उभा धागा, आडवा धागा आणि उरेब, म्हणजे तिरका धागा, शिकवावं लागत नाही. परकर बेतताना उभा धागा लांबीत जातो, कुणी विचारही करत नाही. कागद हातात आला की तीच बाई तो कसाही कापते, कारण धागा दिसत नाही. पण असतो. गिरणीत कागदाचा लगदा धावत्या जाळीवर पडतो, आणि त्यातले बरेचसे तंतू धावेच्या दिशेने लांब होऊन बसतात. तंतू ओला झाला की जाडीत भरपूर फुगतो, लांबीत जेमतेम वाढतो. म्हणजे अख्खा ताव धाग्याला आडवा पसरतो. शिवाय धाग्याच्या दिशेने कागद ताठ असतो, आडवा मऊ.

याचा घेराशी संबंध असा. निऱ्यांच्या घड्या धाग्याला समांतर असतील, म्हणजे धागा कमरेकडून काठाकडे जात असेल, तर ओलीने होणारी वाढ आडवी होते आणि निऱ्या ती पेटीच्या भात्यासारखी पोटात घेतात. लांबीत कागद ताठच असतो, स्वतःचं वजन तोलतो. धागा आडवा असला तर उलट: घेर लांबीत वाढतो, ताठपणा नको त्या दिशेला जातो, आणि घडीवर तंतू मोडायला लागल्यामुळे निरी आधीपासूनच उघडायला बघत असते. जानेवारीत दोन्ही परकर सारखेच दिसतात, जुलैत फरक कळतो.

धागा ओळखायच्या तीन रीती आहेत. ताव न मोडता नुसता वाकवून बघा, एकदा उभा, एकदा आडवा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वळणाच्या कण्याला धागा समांतर. दुसरं, फाडून बघा, धाग्याच्या दिशेने फाटलं तर रेघ बरीच सरळ जाते, आडवं फाटलं की वाकडंतिकडं. तिसरी रीत सगळ्यात खात्रीची: दोन बोटांएवढा चौकोन कापा, एकाच बाजूला ओलं बोट फिरवा आणि तळहातावर ठेवा. दोन-तीन सेकंदांत तो गुंडाळी होऊन नळी बनतो. नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला धागा. मी दुकानात ताव घेताना कोपऱ्याची चिंधी फाडून हेच करते. आमच्या बाजारातला स्टेशनरीवाला एकदा वैतागून म्हणाला, "वैनी, हो कागद घेवचो आसा काय चाटूचो?" आता तो स्वतःच नमुन्याचा तुकडा काढून ठेवतो.

छत्री घेर करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. कापडाचा छत्री घेर शिवला की चांगला शिंपी तो एक रात्र टांगून ठेवतो आणि मगच काठ कापून सारखा करतो, कारण उरेबात कापड खाली ओघळतं. कागदाचं गोल वर्तुळ कापलं की त्यात उभा, आडवा, उरेब सगळेच येतात, प्रत्येक भाग आपापल्या मापाने फुगतो आणि काठाला ती नागमोडी लाट येते. टांगून ठेवल्याने इथे काही साधत नाही. उपाय जुनाच आहे: कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्यांचा घेर. आठ किंवा बारा कळ्या वेगळ्या कापा, प्रत्येकीत धागा उभा ठेवा, आणि दोऱ्याएवढी पट्टी चढवून जोडा. शिवणातली कळी आणि फुलाची कळी एकच शब्द का, ते असा घेर उलटा धरून बघितल्यावर कळतं.

क्रेपमध्ये धागा शोधायची गरज नाही, सुरकुत्या दिसतातच. पाकळी कापताना त्या बुडाकडून टोकाकडे जायला हव्यात, तरच अंगठ्याने मधोमध ताणून वाटी करता येते. आडव्या सुरकुत्यांची पाकळी आपल्याच वजनाने लांब होत जाते. पातळ ६० ग्रॅमचा क्रेप पावसात टिकत नाही, १८० ग्रॅमचा बराच टिकतो. पातळच हाताशी असेल तर दोन थर एकमेकांना चिकटवून, वाळवून, मग कापा. लाल आणि गडद जांभळ्या क्रेपचा रंग सुटतो. ओला कापूस दाबून बघा, कापूस रंगला तर तो कागद पांढऱ्याशेजारी नको.

हातकागदाचं काय, असं विचारतात. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून चिंध्यांचा कागद होतो. साच्यावर हाताने उचललेल्या कागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, म्हणून तो कुठूनही कापला तरी साधारण सारखा वागतो. छत्री घेरासाठी मी तोच घेते. पण तो जड असतो, आणि सायझिंग केलेला, म्हणजे पाणी फुटू नये म्हणून लेप दिलेला, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सायझिंग पाण्याचा थेंब अडवतं, हवेतली ओल नाही.

धागा बरोबर असूनही पाकळ्या गळत असतील, तर आता गोंदाकडे वळा. दिवाणखान्याच्या खिडकीशी चांगल्या उजेडात बसा, टाचणी घ्या, सुटत आलेल्या पाकळीच्या बुडाखाली घालून हळूच उचला आणि जोडाची तुटलेली जागा भिंगातून बघा. मामीच्या परकरावर अबोलीची एक पाकळी मी अशी उचलली तेव्हा गोंदाची दुधी तार निघाली, गुळाच्या पाकासारखी. दोन महिने झाले तरी गोंद आतून वाळलाच नव्हता. दोष माझा. पहिला वळीव येऊन गेल्यावर घाईत जोडलेला नग होता तो. जानेवारीत २० मिनिटांत धरणारा जोड पावसाळी हवेत रात्र मागतो, आणि वरून आणखी थर चढवला की आतला कधीच सुटा होत नाही.

तार नसेल आणि गोंदाची पातळ कातडी एकाच बाजूला स्वच्छ राहिली असेल, दुसरा कागद कोराच, तर गोंद हवेवर साय धरेपर्यंत आपण पाकळी टेकवलीच नाही, किंवा कागद गुळगुळीत लेपाचा आहे. तिथे सँडपेपर एकदा हलकाच फिरवून परत लावा. गोंदाला कागदाचे तंतू चिकटून उपटले गेले असतील, तर जोड मजबूत, कागदच कमकुवत. जास्त ताकदीचा गोंद तिथे आणखी मोठा पापुद्रा काढेल. ग्लू गनचा मणी अख्खा, गोळीसारखा सुटून आला तर नवल नाही. गरम गोंद दमट कागदात मुरत नाही, वरच्यावर बसतो, आणि फ्रेममध्ये दिव्यांची माळ असेल तर उष्णतेने परत मऊ पडतो. मी ग्लू गन फक्त तात्पुरत्या मखराला वापरते, दीड दिवसाच्या गणपतीला तेवढी पुरते.

घरच्या खळीबद्दल एक सावधगिरी. गव्हाच्या पिठाची खळ कागदाला फार छान, वाळल्यावर निरी कुरकुरीत राहते. पण झुरळ आणि कसर दोघांना ती खाऊच वाटते. वर म्हटलेला तो खरवडलेला पापुद्रा यांचाच. पूर्वी पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालायचे, पण ते विष आहे, घरात मुलं असताना मी त्याच्या वाटेला जात नाही. खळीचा नग उघडा ठेवायचा नाही, काचेतच ठेवायचा.

देठावरचा तपकिरी डाग म्हणजे आतल्या लोखंडी तारेचा गंज. खाऱ्या वाऱ्यात साधी तार एक पावसाळा काढत नाही. गंज फुगतो, पट्टी फाडतो, आणि डाग कागदातून कधीच जात नाही, घासून वेळ घालवू नका. तार बदला: तांब्याची, ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिक चढवलेली घ्या. सरळ देठ असेल तर मी माडाच्या झावळीचा हीर घालते, उन्हाळ्यात कडक वाळवून ठेवलेला. केरसुणी झिजली की चांगले हीर मी बाजूला काढते. घरच्यांना आता त्याचं काही वाटत नाही.

मग व्हार्निश. सगळं नीट असताना कागद एकाच बाजूला वळत असेल, तर कुणीतरी वरून स्प्रे मारलाय. मामीच्या मुलाने मारला होता, "पाणी लागू नये म्हणून". पुढची बाजू बंद, मागची उघडी. मागची ओल पिते, फुगते, पुढची जागची हलत नाही, कागद पुढच्या बाजूला वळणारच. त्यात पावसाळी हवेत लॅकर मारलं की त्यावर पांढुरकी साय धरते, ती वेगळीच. सावंतवाडीचे चितारी गंजिफा, म्हणजे खेळायचे रंगवलेले गोल पत्ते, करताना चिंचोक्याची खळ आणि खडूचं अस्तर देतात, वरून लाखेचा हात देतात, आणि पानाची पाठही रंगवून लाखेने बंद करतात. एकच बाजू लाखली असती तर पानं पिंपळपानासारखी वळली असती आणि खेळताच आली नसती. लेप द्यायचाच असेल तर दोन्ही बाजूंना, पातळ, आणि कोरड्या दिवसांत. एका बाजूने वळलेल्या कागदाला मागून तसाच पातळ हात दिला तर बहुतेक वेळा तो सरळ यायला लागतो, पूर्ण नाही.

इतकं करूनही मोठा घेर बसतच असेल तर तो सोडवून अस्तर घालावं लागतं. हे काम वेळखाऊ, म्हणून इतक्या खाली ठेवलंय. १९६६ साली अमेरिकेत स्कॉट पेपर कंपनीने जाहिरातीसाठी सव्वा डॉलरला कागदी फ्रॉक विकले, तेही नुसत्या कागदाचे नव्हते, आत रेयॉनची जाळी होती. आपण घेराच्या मागे ऑर्गंडीचं किंवा मच्छरदाणीच्या जाळीचं अस्तर खळीने बसवतो, कमरपट्टीत बकरमची, म्हणजे कडक अस्तराच्या कापडाची, पट्टी घालतो. निऱ्या परत घालायच्या तर कागद आधी डब्यात दोन दिवस कोरडा करा, मग बटर पेपर वर ठेवून वाफ बंद केलेल्या कोमट इस्त्रीने एकेक निरी दाबा, आणि गार होईपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवा. गरम असताना सोडली तर निरी परत उघडते. क्रेपवर इस्त्री नाही, सुरकुत्या सपाट होतात.

हे सगळं नको असेल आणि भिंत दमटच असेल, तर फुलं सपाट करा. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेरी डेलनी या बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागदाचे बारीक कपटे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलं करायला घेतली. त्यांची ९८५ चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सपाट चिकटलेल्या पाकळीला सगळीकडून मागचा आधार असतो, बसायला ती उभीच नसते. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीसाठी मला कुणी काम सांगितलं तर मी उभा घेर देतच नाही.

आता कुठे थांबायचं ते.

बुरशी चार-दोन ठिपक्यांची असेल तर नग अंगणात किंवा पडवीत न्या, नाकाला मास्क लावा, आधी डब्यात पूर्ण कोरडा करा आणि मगच मऊ कोरड्या ब्रशने बाहेरच्या बाहेर झटका. ओल्या फडक्याने पुसू नका, पूड कागदात चोळली जाते. कडक उन्हात टाकलं तर बुरशीआधी क्रेपचा रंग जातो. बुरशी तळहाताहून मोठ्या भागात पसरली असेल, किंवा घरात कुणाला दमा असेल, तर वाचवत बसू नका, पिशवीत बांधून टाकून द्या. परकर परत करता येतो.

जे परत करता येत नाही, त्याला मात्र हात लावू नका. पिंगुळीच्या चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेची, जुनी पानं, आजोबांची गंजिफा, पणजीने केलेलं रुखवतातलं कागदकाम. यावर ना गोंद, ना इस्त्री, ना ब्रश. कोरड्या कागदात सैल गुंडाळून सपाट ठेवा आणि कागदाच्या संवर्धकाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचा विभाग आहे, चौकशी तिथून सुरू करता येते. चिकटपट्टी लावलेली असेल तर ती सोडवायचाही प्रयत्न नको.

भिंतीवरून पाणी ओघळत असेल, रंगाचे फोड येत असतील, तर प्रश्न कागदाचा नाहीच, गवंड्याला बोलवा, कौलं किंवा नळ बघून घ्या. फ्रेमच्या मागे मातीची रेघ दिसली तर वाळवी, तिथे औषध मारणारा माणूस हवा, नुसती फ्रेम हलवली तर ती दुसऱ्या भिंतीवर जाते. दिवे लावलेल्या फ्रेममध्ये काचेला आतून पाणी दिसलं तर आधी मेन स्विच बंद करा, मग इलेक्ट्रिशियनला फोन करा. त्यात हात घालून बघायचं धाडस कागदाच्या फुलासाठी करू नका.

काचेच्या घामाबद्दल राहिलं. तारकर्लीच्या एका होमस्टेला मी चार फ्रेम दिल्या होत्या, एसीच्या खोल्यांत. साफसफाईला त्या थंडगार तशाच व्हरांड्यात आणून ठेवायचे, आणि गार काचेवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरायचं. आता तिथल्या मुलींना सांगून ठेवलंय, बाहेर काढण्याआधी फ्रेम पंच्यात गुंडाळायची आणि दोन तासांनी सोडायची. मागची पट्टी चिकटवून फ्रेम बंद करायचं काम मी दिवाळीपासून होळीपर्यंतच करते, दुपारच्या उन्हात, मापक ५५च्या खाली गेला की. पावसात बंद केलेली फ्रेम म्हणजे आत पाऊस कोंडलेला.

मामीचा परकर सध्या माझ्याकडे डब्यात आहे. भिंत ओली, लेप एका बाजूला, गोंद कच्चा, आणि धागा तपासला तर बारापैकी तीन कळ्यांत आडवा निघाला. त्या तीन मी नव्याने कापल्या आहेत, पण जोडणार नाही इतक्यात. मामी दर रविवारी विचारते, "झाला काय गो?" मी सांगते, नोव्हेंबर.